राणीच्या बागेत वर बघायचं असतं

रविवारी सकाळी राणीच्या बागेच्या तिकीट खिडकीपुढे रांग लागते. वडिलांच्या खांद्यावर पोर, आईच्या हातात पाण्याची बाटली, मागून डबा सांभाळत येणारी मावशी. रांगेतल्या प्रत्येक लहान मुलाचा प्रश्न ठरलेला असतो: पेंग्विन कुठे आहेत? फाटकातून आत शिरलं की सगळी मंडळी बाणाच्या पाट्या बघत पिंजऱ्यांच्या दिशेनं चालू लागतात. दोन तासांनी दमून बाहेर पडतात तेव्हा त्यांनी वाघ पाहिलेला असतो, पाणघोडा पाहिलेला असतो. डोक्यावर जे सावली धरून उभं होतं ते मात्र बघायचं राहून गेलेलं असतं.

मीही त्यातलाच होतो. आम्ही लालबागहून चालत यायचो. आजी सोबत असायची. ती मूळची कोकणातली, गिरणगावात आली ती लग्न होऊन. जनावरांचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. आम्ही पिंजऱ्यांपुढे धावाधाव करायचो आणि ती एखाद्या बकुळीखाली बसून ओच्यात फुलं वेचायची. आम्ही परत आलो की म्हणायची, "झाली का जनावरं बघून? आता जरा वर बघा." वर बघितलं की तिला ओळखीची झाडं दिसायची आणि ती नावं सांगायची. काही झाडांपाशी मात्र थांबून ती मान हलवायची. "हे आपल्याकडचं नव्हे," एवढंच बोलायची.

आजीचं ते वाक्य म्हणजे या बागेचा अर्धा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडची नसलेली ही झाडं भायखळ्यात कशी आली, कुणी आणली, कशासाठी आणली, आणि दीडशे वर्षांनंतर त्यांच्यासाठी लोक महापालिकेशी का भांडले, ते इथे सांगायचा प्रयत्न करतो.

आधी नावाचं बघू. महापालिकेच्या कागदावर तिचं नाव आहे 'वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय'. बसच्या थांब्यावर जिजामाता उद्यान. इंग्रजांनी ठेवलेलं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आणि त्याचं आपल्या लोकांनी लगोलग केलेलं मराठी म्हणजे राणीचा बाग. जुने मुंबईकर आजही 'राणीचा बाग' असंच म्हणतात, पण आत जायचं झालं की 'राणीच्या बागेत' जातात. बाग या शब्दाला मराठीत दोन्ही लिंगं चालतात, त्यामुळे दोन्ही बरोबर. मी 'राणीची बाग' म्हणतो. पण कागदावरच्या नावातला क्रम लक्षात ठेवा. आधी वनस्पती उद्यान, मग प्राणिसंग्रहालय. इतिहासातही क्रम हाच आहे, आणि दोहोंमध्ये २८ वर्षांचं अंतर आहे.

बाग आणि वनस्पती उद्यान

बाग म्हणजे फिरायला, बसायला, पोरांना खेळवायला केलेली जागा. झाडं कुठली लावली याला तिथे फार महत्त्व नसतं. सावली पडली आणि फुलं आली की झालं. वनस्पती उद्यान म्हणजे एक संग्रह असतो. एखादं झाड कुठून आणलं, कधी लावलं, त्याची जात कोणती, इथल्या हवेत ते तगलं का, याची नोंद ठेवायची आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या जाती एकाच ठिकाणी वाढवायच्या. नाण्यांचा संग्रह करणारा एकाच नाण्याच्या शंभर प्रती जमवत नाही, तसंच हे. म्हणून राणीच्या बागेत एका ओळीत एकाच जातीची पन्नास झाडं सहसा दिसत नाहीत. एक हे, एक ते, पुढे तिसरंच काही. नवख्या माणसाला ती लावणी विस्कळीत वाटते, पण त्यामागे विचार आहे. आज या बागेत तीन हजारांवर झाडं आहेत आणि त्यांच्या २८० हून अधिक जाती आहेत. मुंबईत एकाच कुंपणाच्या आत इतकी विविधता दुसरीकडे सापडणं कठीण.

अशा उद्यानांची गरज इंग्रजांना का पडली? सौंदर्याची हौस होतीच, पण खरं कारण पैशाचं होतं. कंपनी सरकारनं कलकत्त्याजवळ १७८७ साली वनस्पती उद्यान काढलं, ते कुठली पिकं आणि कुठलं लाकूड हिंदुस्थानात पिकवून फायदा होईल याची चाचपणी करायला. चहा, कापूस, मसाले, तापावर औषध म्हणून लागणारी सिंकोना ही सगळी झाडं या खंडातून त्या खंडात हलवली गेली आणि त्यांवर साम्राज्याच्या तिजोऱ्या भरल्या. वनस्पती उद्यान म्हणजे या उलाढालीतली पारख करण्याची जागा. परदेशातून रोप आलं की आधी इथे लावायचं, जगतंय का बघायचं, आणि मग त्याची रोपं पुढे वाटायची.

मुंबईत हे काम करणारी संस्था १८३० साली स्थापन झाली होती. पश्चिम हिंदुस्थानची कृषी आणि बागायत संस्था असं तिच्या नावाचं मराठी करता येईल. तिची बाग शिवडीला होती. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली. आज शिवडीला जे जुनं ख्रिस्ती कब्रस्तान दिसतं, तिथे एकेकाळी रोपांचे वाफे होते. संस्थेला नवी जागा हवी होती आणि ती मिळाली भायखळ्याला, माझगावच्या माउंट इस्टेटमध्ये. तेव्हा हा भाग शहराच्या बाहेर होता. कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टमधल्या, दाटीतून सुटून श्रीमंतांनी इथे बंगले बांधले होते. गिरण्यांची धुरांडी आणि चाळी आल्या त्या नंतर. १८६१ साली बागेची आखणी सुरू झाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. सुरुवातीला जागा होती साधारण ३३ एकर.

तारखेकडे नीट बघितलं तर अजून एक गोष्ट उलगडते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळी मागणी हिंदुस्थानी कापसावर येऊन पडली. वऱ्हाड-खानदेशापासून गुजरातपर्यंतचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअरांचा सट्टा चालला. आणि शाळा, रुग्णालयं, वाचनालयंही झाली. राणीची बाग आणि तिच्यातलं संग्रहालय, म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, याच दिवसांतलं. १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि काल लक्षाधीश असलेली माणसं आज दिवाळखोर झाली. संग्रहालयाच्या इमारतीचं काम त्या तडाख्यात रखडलं. ज्यांनी देणग्यांचे आकडे घातले होते त्यांच्याकडेच पैसे उरले नव्हते. शेवटी सरकारनं पैसे घालून इमारत पुरी केली आणि २ मे १८७२ ला संग्रहालय उघडलं. बागायत संस्थाही पुढे टिकली नाही. १८७३ साली बाग महापालिकेकडे आली आणि तेव्हापासून ती तिच्याच ताब्यात आहे.

बागेला नाव इंग्लंडच्या राणीचं मिळालं असलं तरी तिच्यामागे उभी असलेली बरीच माणसं इथली होती. नाना शंकरशेट बागायत संस्थेच्या आणि संग्रहालयाच्या कामात पुढे होते. त्यांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड. हे मूळचे गोव्याच्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिवाय जुने शिलालेख वाचणारे पंडित. त्यांचा झाडांशी संबंध केवळ समितीवर बसण्यापुरता नव्हता. कडू कवठाच्या बियांच्या तेलानं महारोग बरा होतो का, यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले. त्या काळात झाड ओळखता येणं ही डॉक्टरकीची निम्मी विद्या होती, हे आपण आता विसरून गेलो आहोत. आणि पैसा देणाऱ्यांत बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून होते. संग्रहालयाशेजारचा घड्याळाचा मनोरा त्यांच्या नावाचा आहे. संग्रहालयात राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचा जो संगमरवरी पुतळा आहे, तोही ससून यांनीच दिलेला, आणि त्यावर हिब्रू भाषेत मजकूर कोरलेला आहे. मराठी व्यापारी, गोव्याचा डॉक्टर, बगदादचा यहुदी, इंग्रज गव्हर्नर. मुंबई म्हणजे काय हे सांगायला मला यापेक्षा चांगली जागा माहीत नाही.

काचेच्या पेटीतून आलेली झाडं

आता आजीच्या 'आपल्याकडचं नव्हे'कडे येऊ. शिडाच्या जहाजातून महिनोन्महिने प्रवास करून जिवंत रोप आणायचं कसं, हा त्या काळातला मोठा पेच होता. बी आणता येतं, पण कित्येक झाडांचं बी लवकर मरतं. रोप कुंडीत घालून डेकवर ठेवावं तर खारा वारा त्याला जाळतो, आणि जहाजावर गोडं पाणी माणसांनाच पुरत नाही तिथे झाडाला कोण देणार? बहुतेक रोपं वाटेतच मरायची.

यावर तोडगा सापडला लंडनच्या एका डॉक्टरला, नॅथनिएल वॉर्ड याला. पतंगाचा कोश बंद काचेच्या बरणीत ठेवलेला असताना त्याच्या लक्षात आलं की बरणीतल्या ओल्या मातीत नेच्याचं एक रोप उगवलंय आणि पाणी न घालता ते जगतंय. दिवसा उन्हानं मातीतला ओलावा वर चढायचा, काचेला आतून थेंब धरायचे आणि संध्याकाळी ते ओघळून परत मातीत जायचे. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरत होतं. स्वयंपाकघरात डाळीवर झाकण ठेवल्यावर झाकणाला आतून जे पाणी सुटतं, तसंच. या तत्त्वावर त्यानं लाकडी चौकटीच्या, वरून काच बसवलेल्या पेट्या केल्या. १८३०च्या दशकात त्या जहाजांवर चढल्या आणि वनस्पतींची जगभरची ने-आण एकदम सोपी झाली. राणीची बाग आखली गेली ती या पेट्यांच्या भर काळात. जगभरची झाडं एका बागेत जमवण्याचं वेड तेव्हाच का पसरलं, त्याचं उत्तर या साध्याशा पेटीत आहे.

जी झाडं इथे पोचली त्यांतली काही जवळून बघण्यासारखी आहेत. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे उर्वशी. शास्त्रीय नाव ॲम्हर्स्टिया नोबिलिस. हे ब्रह्मदेशातलं. पुष्पवृक्षांची राणी असं हिला म्हणतात, आणि ते उगाच नाही. हिवाळा सरता सरता फुलोरा येतो तो वर नाही, खाली लोंबतो. लाल देठांची झुंबरं टांगल्यासारखी. प्रत्येक फुलात लाल पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. हिची कोवळी पालवीसुद्धा आधी तांबूस रंगाची, मलूल होऊन लोंबणारी असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं झाड वाळायला लागलं. काही दिवसांनी तीच पानं हिरवी होतात आणि ताठ होतात. उर्वशीला शेंगा क्वचित धरतात, त्यामुळे बियांवर भिस्त ठेवता येत नाही. गुटी बांधून, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथे ओली माती-शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून लावायची, अशी रोपं करावी लागतात. एक म्हातारं झाड गेलं की नवं रोप सहजासहजी हाती येत नाही. या बागेत उर्वशी आहे ही गोष्ट किती मोलाची आहे ते यावरून कळावं.

दुसरं कैलासपती. मूळ दक्षिण अमेरिकेचं. याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या दोरखंडासारख्या देठांवर येतात, अगदी माणसाच्या उंचीवर. एकदा बुंध्याशी पडलेलं ताजं फूल उचलून हातात घेतलं होतं. तळहात भरेल एवढं, मांसल, लालसर गुलाबी पाकळ्या, आणि मधोमध केसरांचा एक पुंजका पुढे वाकून खालच्या चकतीवर फणा धरलेला. वास इतका गोड आणि दाट की बोटांना तासभर येत राहिला. हे रूप बघून आपल्या लोकांना नागफण्याखालचं शिवलिंग दिसलं आणि दूरदेशचं झाड शंकराच्या देवळांत जाऊन बसलं. फळं मात्र तोफेच्या गोळ्यासारखी, टणक आणि जड. पिकून फुटली की घाण वास. झाडाखाली उभं राहताना वर बघायचं ते एवढ्यासाठीही.

गोरखचिंच आफ्रिकेची. तिला पश्चिम किनाऱ्यावर आणली ती अरब आणि पोर्तुगीज दर्यावर्दींनी, असं मानतात. वसईसारख्या जुन्या किल्ल्यांच्या आसपास म्हणूनच ती दिसते. खोड एवढं जाड की चारपाच माणसांनी हात धरून कडं करावं. ते लाकूड म्हणजे खरं तर पाण्याची टाकीच. कोरड्या मुलखात महिनोन्महिने पाऊस नसतो तेव्हा झाड स्वतःत साठवलेल्या पाण्यावर दिवस काढतं. मुंबईत पाण्याची काय कमी, पण सवय सुटत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ती निष्पर्ण उभी असते आणि पावसाच्या तोंडावर पालवी धरते. गोरखनाथांनी हिच्याखाली बसून शिष्यांना उपदेश केला, म्हणून गोरखचिंच. आफ्रिकेतल्या झाडाला नाथसंप्रदाय मिळाला. परक्याला नाव देऊन घरात घ्यायची आपल्या भाषेची ही रीत मला फार भावते.

आणि कृष्णवड. हा परदेशचा नव्हे, आपल्याच वडाचा एक वेगळा अवतार. याच्या पानाला देठाशी दुमडून एक खिसा झालेला असतो, लहान द्रोणासारखा. बाळकृष्णानं चोरलेलं लोणी यशोदेपासून लपवायला पानात गुंडाळलं आणि पान तसंच राहिलं, ही गोष्ट आजी सांगायची. पाऊस थांबल्यावर बघितलं तर त्या खिशात चमचाभर पाणी साठलेलं असतं. मी लहानपणी पान वाकवून ते पाणी सांडायचो आणि परत भरतं का बघायला पुढच्या वेळी तेच झाड शोधायचो.

याशिवाय सीता-अशोक आहे, जो खरा अशोक. सोसायट्यांच्या कुंपणाशी उंच सरळसोट वाढणारा नव्हे. मादागास्करहून आलेलं कोलव्हिलिया आहे, पाऊस ओसरल्यावर केशरी घोस धरणारं. रुद्राक्ष आहे. किती सांगू.

जनावरं आली, झाडं मागे पडली

१८९० साली बागेला आणखी १५ एकर जोडले आणि तिथे प्राणिसंग्रहालय केलं. तोवर बाजूचा परिसर पालटला होता. परळ-लालबाग-भायखळ्यात गिरण्या धडधडत होत्या, कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं दहा बाय दहाच्या खोल्यांतून राहत होती. त्या माणसांना सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जाण्यासारखी, खिशाला परवडणारी जागा ही एकच. पिढ्यान्पिढ्यांनी पहिला हत्ती आणि पहिला वाघ इथे पाहिला. राणीची बाग लोकांची झाली ती या जनावरांमुळे, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्याच वेळी वनस्पती उद्यान ही तिची मूळ ओळख लोकांच्या मनातून पुसत गेली. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ पासून लोक ते बघायला लोटले. आता तर बागेचं दुसरं नावच पेंग्विन झालंय.

बागेत दगडाधातूची मंडळीही आहेत, शहरानं इकडेतिकडे ठेवून शेवटी इथे आणून सोडलेली. संग्रहालयाबाहेर एक काळ्या पाषाणाचा हत्ती आहे. घारापुरीच्या बंदरावर तो शतकानुशतकं उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला आणि फुटला. तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली ते जोडून तो पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात. तो फुटला म्हणूनच मुंबईत राहिला, असं मला त्याच्यापुढे उभं राहून दरवेळी वाटतं.

काळा घोडा म्हणून कोटातला जो चौक प्रसिद्ध आहे तिथला मूळ घोडाही इथेच आहे. घोड्यावर बसलेला तो युवराज, पुढचा सातवा एडवर्ड. १९६५ साली पुतळा तिथून हलवला. चौकाला नाव राहिलं, घोडा भायखळ्याला आला. संग्रहालयाच्या आवारात खुद्द व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही आहे. पूर्वी तो कोटात होता आणि १८९६ साली चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती. त्या वेळी मुंबईत केवढी खळबळ उडाली असेल. ज्या राणीच्या नावानं बाग झाली, तिला शेवटी आसरा मिळाला तो त्याच बागेत. आणि बागेला नाव मात्र जिजाऊंचं झालं.

मुळं कुठे असतात

२००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. खर्चाचा आकडा होता ४३३ कोटी. परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय, नवे विभाग, नव्या इमारती. कागदावर चित्रं देखणी होती. पण बागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्या, झाडं ओळखणाऱ्या काही बायकांनी ते नकाशे झाडांच्या जागांशी ताडून पाहिले आणि त्यांना धक्का बसला. त्यांनी एकेक झाड मोजलं, जाती लिहून काढल्या, लोकांना बागेत आणून झाडं दाखवली, अधिकाऱ्यांपुढे कागद ठेवले. आज आपल्याला झाडांचे आणि जातींचे जे आकडे माहीत आहेत ते बऱ्याच अंशी या चळवळीमुळे. बाग मुंबईच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत, ब गटात आहे. म्हणजे तिच्या मूळ रूपाला बाधा येईल असं बांधकाम वारसा समितीला विचारल्याशिवाय करता येत नाही. त्याचा आधार मिळाला आणि तो अवाढव्य आराखडा जसाच्या तसा पुढे गेला नाही.

त्या वेळी एक युक्तिवाद वारंवार व्हायचा, आणि आजही प्रत्येक रस्त्याच्या, मेट्रोच्या कामात होतो: झाड तोडत नाही, फक्त आजूबाजूला काम करतोय, फार तर दुसरीकडे लावू. हा युक्तिवाद का फसवा आहे ते समजून घ्यायला झाडाचं मूळ समजून घ्यावं लागतं. आपल्या मनात चित्र असतं ते मुळ्याचं, सरळ खोल गेलेलं. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं तशी नसतात. अन्नपाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि ती आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून ती मिळते. त्या मातीवर फरशी घातली, सिमेंट ओतलं किंवा नुसता ट्रक चार वेळा फिरवला तरी पोकळी दाबली जाते आणि मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही. दोन वर्षं, पाच वर्षं उभं राहतं, शेंड्याकडून सुकत येतं, आणि एखाद्या जुलैच्या वाऱ्यात पडतं. तेव्हा आपण म्हणतो, म्हातारं झालं होतं. आणि दुसरीकडे लावायचं म्हणाल तर उपटताना मातीच्या गोळ्यात जेवढी मुळं येतात तेवढीच. शोषणारी बहुतेक मागेच राहतात. शंभर वर्षांच्या झाडाला तो घाव क्वचितच सोसतो.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही ते यामुळे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं. या व्याख्येनं राणीच्या बागेतली कित्येक झाडं वारसा वृक्ष ठरतात. पण कायद्याला दिसतं ते खोड. मुळांवरची फरशी त्याला सहसा दिसत नाही. ती दिसायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा एखाद्या जुन्या झाडाभोवती मोकळी माती किती उरली आहे, ते पाऊल टाकून मोजा.

जायचं कधी, असं कुणी विचारलं तर मी ऋतू बघून सांगतो. उर्वशी आणि सीता-अशोकासाठी फेब्रुवारी-मार्च. त्याच सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, महापालिकेचं फुलांचं आणि भाज्यांचं प्रदर्शनही बागेत भरतं. कैलासपती भर उन्हाळ्यात. कोलव्हिलियासाठी दसरा-दिवाळीचे दिवस. कृष्णवडाच्या खिशातलं पाणी बघायचं तर श्रावणातली एखादी सर थांबल्यावर.

गोरखचिंचेसाठी मात्र पहिल्या पावसाच्या आसपास जायचं आणि सकाळी लवकर, फाटक उघडल्या उघडल्या. तिचं फूल अंधार पडल्यावर उमलतं, रात्री वटवाघळं त्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते गळायला लागतं. झाडूवाले यायच्या आधी पोचलात तर बुंध्याशी ती मोठाली पांढरी फुलं ओल्या मातीवर पडलेली असतात, पाकळ्या कडेनं तपकिरी पडत चाललेल्या. एक उचलून घ्या. वजन जाणवेल. बुधवारी बाग बंद असते.